हसू कोणावर, सूर कोणाचा?

सदर : कायदा आणि आपण



दिवाळी सरली की आमच्या गावी युवा मंडळाचे स्नेहसंमेलन भरते. सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, पुढे ज्येष्ठ मंडळी बसतात आणि मागे उभ्या राहिलेल्या तरुणांचा गलका अखेरपर्यंत थांबत नाही. यंदा मंडळातील मुलींनी दोन विडंबनगीते सादर केली. दोन्ही गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर, शब्द मात्र मुलींचे. पहिल्या गीतात जेवायला बसलेले एक कुटुंब होते. पाच माणसे, पाच मोबाइल आणि ताटात निवत चाललेले वरण. दुसरे गीत निराळे होते. मूळ चित्रपटगीतात नायक नायिकेच्या मागे मागे हिंडतो, ती नको म्हणते, तरी तो हिंडतच राहतो आणि अखेरीस ती लाजून हसते. मुलींनी तीच चाल घेतली आणि नायकाच्या प्रत्येक ओळीला नायिकेकडून सडेतोड उत्तर देवविले. शेवटच्या कडव्यात नायक पोलीस ठाण्यातील बाकावर बसलेला होता. सभागृह हसून हसून लोटपोट झाले, आणि हसता हसता काही आयांनी एकमेकींकडे जे पाहिले ते माझ्या नजरेतून सुटले नाही.

दोन्ही गीतांच्या चित्रफिती मंडळाच्या यूट्यूब वाहिनीवर चढविण्यात आल्या. दुसऱ्या चित्रफितीत मूळ गाण्यातील काही सेकंदांची दृश्ये मधूनमधून जोडलेली होती. आठवडा उलटला आणि मंडळाची सचिव असलेली मुलगी सायंकाळी माझ्या घरी आली. पहिल्या चित्रफितीवर संगीत कंपनीचा दावा लागला होता. दुसरी तर थेट काढून टाकण्यात आली होती आणि वाहिनीच्या नावे एक ‘स्ट्राइक’ नोंदला गेला होता.

“काका, मी दोन्ही काढून टाकते,” ती म्हणाली. “याच वाहिनीवर आपल्या गावातल्या आजी-आजोबांच्या मुलाखती आहेत. दोन वर्षे घरोघरी हिंडून आम्ही त्या घेतल्या. त्यातले काही जण आता राहिले नाहीत. असे तीन स्ट्राइक झाले तर सगळी वाहिनीच बंद होते म्हणे.”

तिचे म्हणणे खरे होते. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर यूट्यूब ती वाहिनी बंद करू शकते. मी तिला म्हटले, “आधी त्या सगळ्या मुलाखती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घे. मग बोलू.” दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मुलाखती सुरक्षित होत्या. तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला, “पहिल्या गाण्यात तुम्ही कोणाला हसलात?”

“आपल्याच घरांना.”

“आणि दुसऱ्यात?”

ती क्षणभर थांबली. “त्या गाण्यालाच.”

वाचकहो, विडंबनाच्या स्वामित्वहक्कविषयक वादांचा गाभा या दोन उत्तरांत सामावलेला आहे. यंत्राने दोन्ही चित्रफिती सारख्याच अडविल्या. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे.

प्रथम एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन करतो. “अहो, सभागृहात गायले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, मग आताच का?” असे त्या मुलीच्या वडिलांनी मला विचारले. त्याचे कारण आपल्या कायद्यातच आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये, कोणत्या कृती हक्काचे उल्लंघन ठरत नाहीत त्यांची यादी दिलेली आहे. एखाद्या हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांपुढे, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ, एखादी साहित्य, नाट्य अथवा संगीतकृती सादर केली तर तिला या यादीत स्थान आहे. आमच्या स्नेहसंमेलनाला प्रवेशमूल्य नव्हते. परंतु ही सवलत त्या सादरीकरणापुरती आहे. त्याचे चित्रण करून ते जगापुढे कायमचे ठेवणे ही निराळी कृती होय आणि ती सवलत तिथवर पोहोचत नाही.

वडिलांचा दुसरा प्रश्न अधिक मार्मिक होता. “आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली तेव्हा कोणाची परवानगी काढली होती?” विडंबन ही मराठीला परकी गोष्ट नाही, हे त्यांना सुचवायचे होते आणि ते रास्तच आहे. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी १९२५ साली तो संग्रह प्रसिद्ध केला आणि समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ थट्टा केली. परंतु लकब, वृत्त, शैली यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती शब्दांच्या, स्वरांच्या विशिष्ट रचनेवर. लेखणीने विडंबन करणारा मूळ कवीची ऐट उसनी घेतो आणि शब्द बहुतांशी स्वतःचे घालतो. चित्रफितीतील विडंबनात मात्र मूळ वस्तूच उचलून आणलेली असते. गीताचे शब्द, संगीतकाराची चाल, ध्वनिमुद्रण आणि पडद्यावरील दृश्य या चार गोष्टींवर चार स्वतंत्र हक्क असू शकतात, आणि वाद्यवृंदाचा मूळ तुकडा जसाच्या तसा लावला की एकाच वेळी त्यांतील दोनतीन हक्कांना हात लागतो. गंमत अशी की विडंबनालाही स्वतःचा स्वामित्वहक्क असतो. आपल्याकडे तो लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. अत्रे १९६९ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत अबाधित आहे.

आता प्रश्न असा की, गावातल्या एका मुलीच्या चित्रफितीचा निवाडा करताना अमेरिकेच्या न्यायालयांकडे पाहावे कशाला? त्याचे कारण व्यावहारिक आहे. यूट्यूब ही अमेरिकी सेवा आहे आणि तिची तक्रारव्यवस्था अमेरिकेच्या १९९८ सालच्या डिजिटल कायद्यावर उभी आहे. स्ट्राइकला आव्हान द्यायचे तर ‘प्रति-नोटीस’ पाठवावी लागते. तीत आपले खरे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो तक्रारदाराला कळविला जातो, आणि अमेरिकेबाहेरील व्यक्तीला यूट्यूबचे कार्यालय जेथे आहे तेथील न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. म्हणून तेथील न्यायालये विडंबनाकडे कसे पाहतात, हे आमच्या सचिव मुलीला जाणून घेणे भाग होते.

तेथील पायाभूत निकाल १९९४ चा आहे. रॉय ऑर्बिसन आणि विल्यम डीस यांनी १९६४ साली ‘ओह, प्रिटी वुमन’ हे गीत रचले होते. रस्त्याने जाणाऱ्या सुंदर स्त्रीकडे पाहून नायकाने रंगविलेले ते गोड स्वप्न होते. १९८९ मध्ये ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गायकांच्या चमूने त्याचे विडंबन करण्याचे ठरविले. श्रेय आणि मोबदला दोन्ही देऊ, असे त्यांनी हक्कधारक अॅकफ-रोझ कंपनीला कळविले. कंपनीने नकार दिला. चमूने तरीही गीत प्रसिद्ध केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने विडंबनाला न्याय्य वापराचे दार उघडले.

त्या निकालातील तीन मुद्दे घरोघरी कळावेत असे आहेत. पहिला : विडंबन ज्या कृतीची थट्टा करते तिची ओळख पटल्याशिवाय ते विडंबन ठरूच शकत नाही; म्हणून मूळ कृतीतील काही भाग घेणे त्याला अपरिहार्य असते. उलट एखाद्याला समाजावर, राजकारणावर किंवा शेजाऱ्यावर टीका करायची असेल तर त्याला दुसऱ्याचेच गाणे का लागावे, याचे उत्तर त्याने दिले पाहिजे. दुसरा : परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली, एवढ्यावरून वापर अन्याय्य ठरत नाही. आपली चेष्टा करण्याची परवानगी कोण आनंदाने देईल? तिसरा मुद्दा बाजाराचा. विडंबन ऐकून लोकांना मूळ गाणे हास्यास्पद वाटू लागले आणि त्याचा खप घटला, तर ती टीकेची परिणती होय. कायदा तिची भरपाई देत नाही. परंतु लोक मूळ गाण्याऐवजी विडंबनच विकत घेऊ लागले, तर ते मालकाच्या कमाईवर पडलेले आक्रमण होय. पुढे त्या दोन पक्षांनी आपसांत तडजोड केली. निकालातील तत्त्व मात्र आजही मार्गदर्शक आहे.

त्याची दुसरी बाजू तीन वर्षांनी दिसली. डॉ. स्यूस या बालसाहित्यिकाच्या ‘द कॅट इन द हॅट’ या पुस्तकाची धाटणी घेऊन कोणी एका गाजलेल्या खून-खटल्याची पद्यमय कथा रचली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तिला न्याय्य वापराचे संरक्षण नाकारले. कारण त्या पुस्तकात स्यूसच्या मांजराची थट्टा नव्हती. थट्टा होती खटल्याची, आणि मांजराचा वापर केवळ लोकांचे लक्ष वेधण्यासाठी झाला होता.

आंतरजालावरील चित्रफितींना हेच तत्त्व लागू होते. इथन आणि हिला क्लाइन या दांपत्याने एका लघुचित्रफितीची टर उडविणारी सुमारे चौदा मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. मूळ चित्रफीत पाच मिनिटे चोवीस सेकंदांची. तिच्यातील तीन मिनिटे पंधरा सेकंद त्यांनी दाखविले, म्हणजे निम्म्याहून अधिक. मूळ निर्मात्याने दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल दिला तो दांपत्याच्या बाजूने. कारण ते तुकडे दाखवून थांबत होते, त्यांतील संवादांवर, अभिनयावर बोलत होते, टीका करत होते. मूळ चित्रफीत पाहण्याची हौस त्यांच्या चित्रफितीने भागण्यासारखी नव्हती. त्याच निकालात न्यायालयाने बजावले की, दुसऱ्याची चित्रफीत लावून तिच्यावर चेहऱ्याने प्रतिक्रिया देणाऱ्या साऱ्याच चित्रफितींना हे संरक्षण मिळेल असे नाही. किती सेकंद घेतले, या एकट्या हिशेबाने प्रश्न सुटत नाही, हे यावरून ध्यानात यावे. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हा समज कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही.

आपल्या देशात काय स्थिती आहे? आपल्या कायद्यात ‘विडंबन’ हा शब्द नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका अथवा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. टीका ‘त्या कृतीची किंवा अन्य कृतीची’ असावी, असे त्यात म्हटले आहे. विडंबनाला आपल्याकडे आसरा मिळतो तो या ‘टीका’ शब्दाच्या छायेत. केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल या बाबतीत वारंवार आठवला जातो. तोप्पिल भासी यांच्या ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले आणि मूळ नाटकातील पात्रे व संवादांचा काही भाग त्यात घेतला. भासींच्या वारसांनी हरकत घेतली. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या : टीकेच्या मानाने मूळ मजकूर किती आणि कोणत्या मोलाचा घेतला आहे, तो कोणत्या हेतूने घेतला आहे, आणि दोन कृतींमध्ये बाजारात स्पर्धा होण्याचा संभव आहे काय. प्रतिनाटकाचा हेतू मूळ नाटकावर आणि त्यातील विचारावर टीका करणे हा आहे, असे मानून न्यायालयाने त्याला मनाई केली नाही.

आता त्या मुलीच्या दोन चित्रफिती या कसोटीवर घासून पाहा. जेवणाच्या ताटापुढील मोबाइलची थट्टा ही निर्मळ आणि आवश्यक थट्टा आहे. परंतु तिचा त्या चित्रपटगीताशी काही संबंध नाही. ती कोणत्याही कृतीवरील टीका नाही, अमेरिकेत नाही आणि भारतातही नाही. चाल उचलली ती लोकांच्या ओठांवर आधीच असल्यामुळे, म्हणजे सोयीसाठी. दुसऱ्या गीताचे तसे नाही. नकाराला होकार समजणाऱ्या त्या गाण्याला उत्तर द्यायचे तर ते गाणे समोर आणल्यावाचून गत्यंतर नाही.

हे ऐकून मुलगी हिरमुसली. “पहिल्या गाण्यालाच तर सगळ्यांची पसंती होती, काका.” मी तिला म्हटले, “असेल. पण त्या चालीमागेही कोणाचे तरी घर चालते.” आपल्या चित्रपटसृष्टीतील अनेक गीतकार-संगीतकारांनी एकरकमी मोबदल्यावर हक्क सोडून दिले आणि गाणी अजरामर झाल्यावरही त्यांच्या पदरी काही पडले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी समान रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि तो त्यांच्याकडून एरवी लिहून घेता येणार नाही, अशी व्यवस्था झाली. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. सूर हातात धरता येत नाही म्हणून तो त्या शिकवणीतून सुटत नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. थट्टा आणि विटंबना यांतील सीमा विडंबनकाराने स्वतःच सांभाळावयाची असते.

याचा अर्थ मालकाचा शब्द अखेरचा असतो असे नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २००७ साली एका आईने आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाची एकोणतीस सेकंदांची चित्रफीत चढविली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते. युनिव्हर्सल कंपनीने ती काढायला लावली. आईने प्रति-नोटीस दिली, चित्रफीत परत आली, आणि ती तेवढ्यावर न थांबता न्यायालयात गेली. नोटीस पाठविण्यापूर्वी तो वापर न्याय्य आहे काय, याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. हे प्रकरण विडंबनाचे नव्हते, परंतु विडंबनकारांना त्याने मोठा आधार दिला. सूर ओळखणाऱ्या यंत्राला उपरोध कळत नाही. तो कळून घेण्याची जबाबदारी यंत्रामागील माणसाची आहे.

आता कर्तव्य काय, हे थोडक्यात सांगतो. दावा आणि स्ट्राइक यांतील भेद आधी समजून घ्यावा. यंत्राने लावलेल्या दाव्यामुळे बहुधा जाहिरातीचे उत्पन्न मालकाकडे जाते किंवा चित्रफीत काही ठिकाणी दिसत नाही, परंतु त्याने वाहिनीवर ठपका येत नाही. स्ट्राइक हा औपचारिक नोटिशीचा परिणाम असतो. त्याला प्रति-नोटीस दिल्यास तक्रारदाराला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. त्या अवधीत त्याने न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही तर चित्रफीत परत येऊ शकते. मात्र प्रति-नोटीस ही प्रतिज्ञेवर केलेली गंभीर गोष्ट असते, रागाच्या भरात दाबायचे बटण नव्हे. ती देण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे, कारण पत्ता घराचा जाणार असतो. भारतीय कायद्याखाली तक्रार झाल्यास संबंधित संकेतस्थळ एकवीस दिवसांपर्यंत मजकूर रोखून धरू शकते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो.

आणि विडंबन रचतानाच काळजी घ्यावी. मूळ ध्वनिमुद्रण लावू नये. आपल्या हार्मोनियम-तबल्यावर वाजवावे. त्याने चालीचा प्रश्न मिटत नाही, तथापि ध्वनिमुद्रणाचा मिटतो. मूळ दृश्ये घ्यायचीच तर थट्टेला लागतील तेवढीच घ्यावी. आणि गीत हाती घेण्यापूर्वी एका वाक्यात लिहून पाहावे : या गाण्यातील कोणत्या गोष्टीला आपण हसत आहोत? वाक्य पूर्ण होत नसेल तर नवी चाल बांधावी.

मुलींनी तसेच केले. पहिली चित्रफीत त्यांनी आपणहून काढली. मंडळात हार्मोनियम वाजविणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी त्याच शब्दांना ओवीच्या वळणाची साधी चाल लावून दिली. मोबाइलपुढे निवणारे वरण आता त्या चालीत निवते. पहिल्याइतके ते उडते नाही, हे मीही मान्य करतो. दुसऱ्या चित्रफितीबाबत घरात दोन रात्री चर्चा झाली. आईचा होकार होता, वडिलांना पत्ता देण्याची धास्ती वाटत होती. अखेर वडिलांनीच वकिलांनी तपासलेला मसुदा एकदा मोठ्याने वाचून घेतला आणि मुलीने तो पाठविला. हा लेख लिहीत असताना त्या दहा दिवसांपैकी सहा दिवस उलटले आहेत. मुलगी रोज सायंकाळी वाहिनी उघडून पाहते. मुलाखतींच्या दोन्ही हार्ड डिस्क मात्र तिच्या आजीच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या आहेत.

त्या चित्रफितीचे पुढे काय झाले ते पुढील अंकी अवश्य कळवीन.